भिकनशेठ आणि छावणीची पिन

भिकनशेठ रस्त्यात कुठल्याही अनोळखी बाईला थांबवायचे आणि म्हणायचे, "ताई, जरा पाठ दाखवा." दागिन्याची पाठ, असं त्यांना म्हणायचं असायचं. पण दागिना दिसला की सगळं लक्ष डोळ्यांत जायचं आणि वाक्यातले अर्धे शब्द तोंडातच राहायचे. शहागंजात एकदा एका बाईच्या भावानं त्यांची कॉलर धरली. भिकनशेठांनी कॉलर त्याच्या मुठीत तशीच राहू दिली आणि म्हणाले, "भाऊ, मारायचं ते मार. पण तुझ्या बहिणीच्या कानात चांदी नाय, जर्मन सिल्व्हर हाय. कान पिकंल तिचा." आठ दिवसांनी तोच भाऊ बहिणीला घेऊन दुकानात आला. कान पिकला होता.

त्यांचं दुकान औरंगाबादच्या सराफ्यात. दुकान कसलं, दोन झगझगीत दुकानांच्या मध्ये अडकलेली पाच फुटांची फट. दोन्ही बाजूंना आरसे, ट्यूबलाइटी, गिऱ्हाइकांसाठी सोफे. मध्ये एक पांढरी गादी, खाली ओढलेला एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले पासष्टीचे भिकनशेठ. नवी चांदी विकायची नाही. जुनी ओळखायची, दुरुस्त करायची आणि ती कशी जपावी हे माणसाला कंटाळा येईपर्यंत सांगायचं, एवढाच धंदा. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत झालेलं, त्यामुळे बोलणं निम्मं मराठवाडी, निम्मं हैदराबादी.

आमची ओळख भांडणातून झाली. माझी बहुतेक माणसांशी तशीच होते. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मी कॉलेजात पाऊल टाकल्यापासून पत्रकं लिहीत होते, आणि आमचं सायक्लोस्टाइलचं मशीन सराफ्याच्या मागच्या गल्लीत एका माडीवर होतं. एकदा गरम गरम गठ्ठा घेऊन उतरले आणि पहिलंच पत्रक भिकनशेठांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि कोरी बाजू बघत बसले.

"शेठ, मजकूर या बाजूला आहे."

"व्हय. तोंड सगळेच दाखवतात. मी आधी पाठ बघतो." मग कागद नाकाशी नेला. "शाई लई वाईट. असल्या कागदात चांदी बांधली तर काळी पडंल. कोरा तुकडा हाय का एखादा?"

दोन दिवस खपून लिहिलेल्या मजकुराची ही किंमत. मी म्हणाले, "तुम्हाला माणसांपेक्षा चांदीची काळजी."

"माणसांची काळजी करणारे लई हायत," ते शांतपणे म्हणाले. "चांदीला मी एकटाच."

मी त्याच क्षणी त्यांना 'प्रस्थापित' या खान्यात टाकून दिलं. माझ्याकडे तेव्हा दोनच खाने होते.

पण रस्ता तोच, मशीन तेच, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी त्यांचं दर्शन व्हायचं आणि दर वेळी काहीतरी नवीन निघायचं. दुकानासमोर उकडलेल्या अंड्यांची गाडी लागायची. भिकनशेठांचं तिच्याशी कायमचं वैर. अंड्यानं चांदी काळी पडते, हे खरं आहे, मी विचारून खात्री केली. पण म्हणून गिऱ्हाईक पायरी चढलं की "अंडं खाऊन आलात का?" असं विचारणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. खाऊन आलेल्याला ते हात धुवायला लावायचे आणि तरीही दागिन्याला हात लावू द्यायचे नाहीत. रबरबँडचाही तोच गुन्हा. कुणी रबरबँडनं बांधलेली पैंजणं आणली की ते आधी रबरबँड चिमटीत धरून गटारात टाकायचे आणि मगच "या, बसा" म्हणायचे.

दाढीचा ब्रश त्यांच्याकडे उत्तम होता, पण त्याला जन्मात साबण लागला नव्हता. तो चांदी झाडायचा. स्वतःची दाढी चार-चार दिवस वाढलेली असायची. शेजारच्या शाळेतले मास्तर खडूचे तुकडे त्यांच्यासाठी खिशातून आणायचे, कारण दागिन्याच्या डबीत खडू ठेवला की तो दमट हवा शोषून घेतो. मास्तर एकदा म्हणाले, "शेठ, फळ्यावर लिहायला खडू उरला नाही." भिकनशेठ म्हणाले, "तोंडी शिकवा."

जुनी चांदी मोडायला निघालेलं माणूस दिसलं की मात्र त्यांचा तोल जायचा. तेव्हा रोज कुणी ना कुणी मोडायला यायचंच. चिकलठाण्यात, वाळूजला कारखाने उठत होते, खेड्यातली पोरं कामाला लागत होती, आणि पोराच्या खोलीसाठी आईच्या पायातली चांदी सराफ्यात येत होती. कन्नडकडची एक धनगराची बाई अशीच शेजारच्या दुकानात आली. पायात मनगटाएवढे जाड तोडे. भिकनशेठ गादीवरून ओरडले, "मावशी, मोडू नका."

"मोडू नको तर काय करू? शेरडांच्या गळ्यात बांधू?"

"पायात ठेवा."

"पोरगं म्हणतं, कंपनीच्या लोकांत तोडे घालून आलीस तर हसतेल सगळे."

"हसतेल त्यांना माझ्याकडं पाठवा."

"तुमाला बघून आणखीन हसतेल."

दोन्ही बाजूंची दुकानं हसली. भिकनशेठही हसले, पण उठून गेले, बाईला आपल्या दुकानी आणलं, तोडे उतरवून घेतले आणि ब्रशनं तासभर झाडत बसले. मग आतल्या बाजूचा नखाएवढा ठसा तिला भिंगातून दाखवला. "हा करणाऱ्याचा शिक्का. असं वजन, असा पीळ आता कुणी करत नाय. भट्टीत टाकलं की संपलं." बाईनं बराच वेळ भिंगात पाहिलं. शेवटी तिनं एक तोडा मोडला आणि एक ठेवला. जाताना म्हणाली, "एका पायात घालून हिंडते आता. या बघायला." भिकनशेठ म्हणाले, "येतो," आणि मला वाटतं, गेलेही असतील.

त्यांचा जीव खरा अडकला होता तो मर्कशीशात. साहेबलोक त्याला मार्कासाइट म्हणतात. भिकनशेठ जुन्या हकिमांचा शब्द वापरायचे. काळपट राखाडी, मोहरीएवढे खडे. दिव्याखाली धरले की राखेत ठिणग्या दिसाव्यात तसे लुकलुकतात, पण पाणी लागलं की खराब होतात. ज्यांना हिरे परवडत नव्हते अशा इंग्रज बायका ते चांदीत जडवून घालायच्या, आणि इथल्या छावणीतून त्यातलं थोडंफार शहरात उतरलं होतं. अस्सल जुन्या कामात प्रत्येक खडा चांदीच्या बारीक दाण्यांनी धरलेला असतो. नव्या स्वस्त कामात तो नुसता चिकटवलेला असतो. कधी कधी पोलादाचे खडे लावून फसवतात. पोलाद लोहचुंबकाला धरतं, मर्कशीशा धरत नाही. म्हणून दोऱ्याला बांधलेलं एक चिमुकलं लोहचुंबक भिकनशेठांच्या गळ्यात कायम लटकलेलं असायचं. पोरं विचारायची, "आजोबा, ताईत का?" ते म्हणायचे, "व्हय, खोट्याची बाधा होऊ नये म्हणून."

आता घरची गोष्ट सांगते. ती सांगायची म्हणूनच लिहायला बसले आहे.

आमची वस्ती छावणीच्या मागे. माझी आजी छावणीत एका इंग्रज बाईच्या मुलांची आया होती. साहेबलोक देश सोडून निघाले तेव्हा त्या बाईनं आपल्या कॉलरवरची पिन काढून आजीच्या हातात ठेवली. पानाच्या आकाराची, चांदीची, बारीक काळपट खड्यांनी भरलेली. आजीनं ती कधी लावली नाही. तिच्यानंतर मायनंही नाही. चिंधीत गुंडाळून डब्यात. "आपल्या अंगावर असलं काही दिसलं की लोक पहिलं विचारतेत, कुठून आणलं," माय म्हणायची.

मग विद्यापीठाला नाव लागलं. संक्रांतीचा दिवस. आम्ही नामांतर मागितलं होतं, सरकारनं नामविस्तार दिला, आणि मी त्या दिवशीसुद्धा घरात त्यावरून तावातावानं बोलत होते. माय म्हणाली, "इतकी वर्षं थांबलो. आज जरा निवांत बस." आणि तिनं डबा उघडला, चिंधी सोडली आणि जन्मात पहिल्यांदा ती पिन खांद्यावर लावली. कामाला जातानाही मग ती काढली नाही.

त्याच आठवड्यात पुंडलिकनगरात एका घरी हळदीकुंकू होतं. माय चार घरची धुणीभांडी करायची, त्यातलं हे मोठं घर. साहेब वाळूजच्या एका नव्या कारखान्यात मॅनेजर. मायला बोलावणं होतं ते कुंकू लावून घ्यायला नव्हे, कपबशा विसळायला. तिळगुळाचं ताट घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली, आणि बसलेल्या सगळ्या बायकांसमोर मॅनेजरबाई म्हणाल्या, "शांताबाई, ही पिन माझी आहे ना?"

बाईंकडे अशीच पानाची पिन होती. साहेबांनी जर्मनीहून आणलेली. दसऱ्यापासून ती सापडत नव्हती.

मायनं पिन काढून टेबलावर ठेवली. "ही माझ्या आईची हाय," एवढंच म्हणाली.

"तुझ्या आईची? जर्मनीची पिन?" बाई शेजारणीकडे बघून हसल्या. "हे बघ, मी पोलिसात जाणार नाही. रविवारपर्यंत विचार कर. कबूल केलंस तर कामावरही ठेवीन."

पिन तिथंच राहिली. तिळगूळ वाटून, कपबशा विसळून, पुसून, माय घरी आली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरांनी निरोप पाठवला, काही दिवस येऊ नका. वीस वर्षांत मायनं कुणाची टाचणी घरी आणली नव्हती.

मला जे येतं ते मी केलं. कागद ओढला आणि 'जाहीर निषेध' असा मथळा टाकला.

माय भाकऱ्या थापत म्हणाली, "माझं नाव घालणार त्याच्यात?"

"घालावंच लागेल."

"चोरी हा शब्द?"

"तोही."

"म्हंजे आता चार घरांत माहीत हाय, ते तू गावभर वाटणार."

मी पेन खाली ठेवलं. तो मथळा अजून माझ्या वहीत तसाच आहे, खाली मजकूर नाही.

"पिन आपली हाय, हे सांगणारं कुणीतरी तिसरं पायजे," माय म्हणाली. "एक खडा पडला होता तव्हा आईनं सराफ्यात नेली होती. दुकान कसलं, फट होती म्हणायची."

म्हणजे मला भिकनशेठांच्या पायरीवर जावं लागलं, आणि तेही विनंती करायला. विनंतीची मला सवय नाही. आम्ही मागणी करतो.

"अंडं खाल्लं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, शेठ." मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. छावणी, आया, पान, हळदीकुंकू, रविवार.

"पाठ कशी हाय पिनेची?"

"पाठ मी कधी पाहिली नाही."

मला वाटलं, आता तासभर ऐकावं लागणार. पण त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि रस्त्याकडे बघत बसले. अंड्याची गाडी पायरीला येऊन टेकली तरी तिला हाकललं नाही. मग म्हणाले, "पानाच्या देठाशी एक खडा जरा तांबूस दिसतो का?"

"दिसतो. माय म्हणते गंज आहे."

"रविवारी किती वाजता जायचं?"

रविवारी ते रिक्षातून उतरले तेव्हा अंगात इस्त्रीचा कोट होता आणि दाढी केलेली होती. मॅनेजरबाईंना मी आणखी कुणाला आणीन हे अपेक्षित नव्हतं. साहेब सोफ्यावर, शेजारी त्यांची आई, वैजापूरच्या कांद्याच्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या घरातली, खणखणीत आवाजाची म्हातारी. माय दाराशी उभी. मी मुद्दे पाठ करून आले होते. भिकनशेठांनी मला बोलूच दिलं नाही.

"पिन आणा," ते म्हणाले. "आणि खिडकी उघडा. घरात कुणी अंडी उकडली का?"

"आम्ही खात नाही," म्हातारी म्हणाली.

"मग हे घर चांगलं हाय."

पिन आली. त्यांनी ती रुमालावर उलटी ठेवली आणि भिंग साहेबांच्या हातात दिलं. "आधी पाठ बघा, साहेब. बंद पाठ, जुनी खीळ. आता तोंड. खड्याखड्याला चार दाणे. दिसले? हे हातकाम हाय, सत्तर वर्षांपूर्वीचं तरी असंल." मग गळ्यातलं लोहचुंबक काढून दोऱ्यानं पानावर फिरवलं. टोकापासून देठापर्यंत ते नुसतं तरंगत गेलं. देठाशी मात्र टक्‌ करून चिकटलं.

"हा एक खडा मर्कशीशा नाय. पोलाद हाय. हा मी बसवला."

"तुम्हीच कशावरून?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"कारण इतकं वाईट काम या शहरात दुसऱ्या कुणी केलं नसतं." ते हसले नाहीत. "माझ्या कोरणीचा टवका उडालेला होता तव्हा. तिनं दाबलेल्या दाण्यावर आडवी रेघ उमटायची. देठाशी बघा, साहेब. चारही दाण्यांवर."

साहेबांनी बघितलं. खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघितलं. "आहे," ते म्हणाले.

भिकनशेठांनी कोटाच्या खिशातून टवका उडालेली ती कोरणी काढली आणि पिनेशेजारी ठेवली. "छावणीतली एक आया घेऊन आली होती. तुमचं लग्नसुद्धा झालं नसंल तव्हाची गोष्ट."

मग बाई जरा रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पण मग माझी कुठे गेली?" आणि तो प्रश्न खरा होता, हे मलाही मान्य करावं लागलं.

भिकनशेठांचा चेहरा एकदम बदलला. हरवलेला मर्कशीशा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं हरवलेलं मूल. "तुमच्या पिनेला दाणे होते?"

"माहीत नाही. खडे छान गुळगुळीत बसवलेले होते."

"म्हंजे चिकटवलेले. धुतली होती का कधी?"

"मी नाही धुतली."

"दसऱ्याला सगळी चांदी मी धुते," म्हातारी अभिमानानं म्हणाली. "देव, ताटं, निरांजन, जे कपाटात दिसंल ते सगळं पातेल्यात. चिंचेचं पाणी."

"गरम?"

"खळाखळा उकळलेलं. गार पाण्यानं मळ निघतो व्हय?"

भिकनशेठांनी कपाळाला हात लावला. "चिकटवलेले खडे उकळत्या पाण्यात सुटतात, आजी," ते म्हणाले, "मोडीचा डबा कुठंय तुमचा?"

प्रत्येक घरात असा एक डबा असतो. तुटकी जोडवी, वाकलेली पैंजणं, फुटकी अत्तरदाणी. कधीतरी सराफाकडे देऊन नवीन काही करायचं म्हणून साठवलेलं. म्हातारीनं डबा आणून रुमालावर उपडा केला. त्यात एक काळं पडलेलं पान निघालं. खडा एकही नाही. नुसती भोकं.

"हे?" म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, चहाच्या गाळणीचा तुकडा हाय. मी म्हणलं मोडीत जाईल, दिवाळीला निरांजन होईल."

साहेबांना हसू आवरलं नाही. मग म्हातारी हसली, आणि दाराशी मायच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. मॅनेजरबाईंचा चेहरा त्या पानासारखा झाला होता. "गैरसमज झाला, शांताबाई," त्या म्हणाल्या. "ही घे तुझी पिन."

मी उसळले. "गैरसमज? माफी मागा. लेखी द्या."

"तू गप," माय म्हणाली. मग बाईंकडे वळली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "बाई, पिन आता देऊ नका. हळदीकुंकवाला ज्या बाया बसल्या होत्या त्यांना बोलवा. त्यांच्यासमोर द्या."

बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी जमिनीकडे. म्हातारीनं चपला पायात घातल्या आणि म्हणाली, "मी आणते बोलावून. पातेलं मी उकळलं ना?" अर्ध्या तासात सात-आठ जणी जमल्या. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर, काय झालं ते सांगून, पिन मायच्या हातात दिली. माय 'ठीक हाय' म्हणाली. निरोप पाठवणाऱ्या दोन्ही घरांनी तिला सोमवारपासून परत बोलावलं. तिनं एकाला होकार दिला आणि एकाला बुधवारपर्यंत विचार करते म्हणून सांगितलं. मॅनेजरबाईंकडे मात्र ती गेली नाही.

गोष्ट इथं संपली असती. पण चार दिवसांनी भिकनशेठांचा निरोप आला, पिन घेऊन या, तुमच्या आईला घेऊन या.

आम्ही दुपारी गेलो. माय सवयीनं पायरीखालीच उभी राहिली. भिकनशेठ गादीवरून उठले, पुढे आले आणि म्हणाले, "वर या, बाई. इथं गादीवर बसा." माय बसली, अगदी कडेला. त्यांनी पिन घेतली, देठाचा पोलादी खडा कोरणीनं उचकटला, आणि एका डबीतून एक जुना मर्कशीशा काढून त्या जागी धरला. काम करता करता बोलत होते, मान वर न करता.

"तुमची आई आली तव्हा माझा बाप या जागी बसलेला होता. तो म्हणाला, लांबूनच टाक. तिनं पिन पायरीवर ठेवली. उचलायच्या आधी मी तिच्यावर पाणी शिंपडलं. तव्हा तसंच करायचे सगळे. मर्कशीशावर पाणी. मी, ज्याला हे काम येत होतं." ते थांबले, दाणा दाबला. "नंतर खडा बसवायला घेतला. अस्सल खडा होता माझ्याकडं. पण म्हणलं, हिला काय कळतंय. तुटक्या बकलातला पोलादी तुकडा बसवला आणि तिला सांगितलं, अस्सल हाय. ती सलाम करून गेली. बायकोला सांगितलं होतं हे मी एकदा. ती म्हणली, जाऊन बदलून द्या. मी कुठं शोधणार होतो. म्हणजे शोधलंच नाय. छावणी काय लांब हाय इथून."

बायको जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मुलं पुण्यात स्टीलच्या भांड्यांचा कारखाना चालवत होती, हे मला शेजारच्या दुकानदारानं नंतर सांगितलं. त्या दिवशी एवढंच कळलं की ज्या गोष्टीनं मायचं नाव वाचलं, ती या माणसानं कुणालाही सांगितली नसती तर कुणालाच कळली नसती. मॅनेजरच्या घरात ती त्यांनी भिंगाखाली धरून दाखवली.

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे या विषयावर आठ पानी पुस्तिका तयार आहे. पण मायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्यांना माफ केलेलं नाही, हे इथं लिहून ठेवते. माफ करायचं की नाही, हे ठरवायचं काम माझं नव्हतं, एवढं मात्र मला त्या गादीवर कळलं.

भिकनशेठांनी ब्रशनं पान झाडलं आणि मायच्या तळहातावर ठेवलं. मायनं ते आधी उलटं करून पाहिलं. मग सुलटं केलं आणि खांद्यावर लावलं.

"किती झाले, शेठ?"

"काय नाय." त्यांनी गादीखालून गुलाबी कागदाची एक पुडी काढली, दुरुस्तीचा माल बांधतात तसली. "प्रत्येक पुडीवर आम्ही गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. तुमच्या आईच्या पुडीवर मी लिहिलं होतं, छावणीची आया." टाक उचलून ते थांबले. "नाव काय होतं त्यांचं?"

"गयाबाई," माय म्हणाली.

"पुढं?"

"गयाबाई किसन. भावसिंगपुरा."

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि पुडी मायकडे दिली. आत काहीच नव्हतं. मायनं ती घडी घालून कंबरेच्या पिशवीत ठेवली.